दगडातल्या पानाची साक्ष

“हा दगड एवढ्या कोटी वर्षांचा आहे हे कळते कसे? त्यावर तारीख थोडीच लिहिलेली असते?” भूगोलाच्या तासाला हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतेच. प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचे उत्तर आपल्या विदर्भातल्या खडकांत शोधू या.

नागपूरजवळचे कामठी आपल्याला ठाऊक आहे. त्या गावावरून भूशास्त्रज्ञांनी खडकांच्या एका थराला ‘कामठी’ हे नाव दिले आहे, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. या थरात आणि त्याखालच्या कोळशाच्या थरांत एका झाडाची पाने उमटलेली सापडतात. पान जिभेसारखे लांबट, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. नाव ग्लोसोप्टेरिस. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रोन्यार यांनी १८२८ मध्ये ते दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जिभेसारखे नेचे’. पुढे कळले की हे नेचे नव्हतेच, बी धरणारे झाड होते.

हे झाड पर्मियन काळात, म्हणजे साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी फोफावले आणि त्या काळाच्या अखेरीस नाहीसे झाले. त्याच्या वरच्या थरांत डायक्रोइडियम नावाची वनस्पती दिसते, आणखी वर टिलोफायलम आणि त्यानंतर फुलझाडे. हा क्रम उलटत नाही. म्हणून पान ओळखले की थराचा काळ ओळखता येतो.

जुन्या वाड्याच्या भिंतीत नाणे सापडले, तर भिंत त्या नाण्याच्या आधीची नाही एवढे कळते. पण जुने नाणे पुढे कितीतरी वर्षे चालत राहते! तसेच जुन्या खडकातले परागकण पाण्याने वाहून नव्या गाळात जाऊ शकतात. म्हणून शास्त्रज्ञ एकाच पुराव्यावर निकाल देत नाहीत. पाने, लाकूड, बिया, परागकण सगळे मिळून पाहतात. शिवाय वनस्पती क्रम सांगतात, वर्षांचा आकडा नव्हे. तो मिळतो ज्वालामुखीच्या राखेतल्या झिरकॉनच्या बारीक स्फटिकांतून. त्यातले युरेनियम ठरावीक गतीने शिशात बदलत असते. दोन्ही साक्षी जुळल्या की वय पक्के होते.

आता हवामानाकडे येऊ. चंद्रपूर म्हटले की उन्हाळ्यातला ४५ अंशांचा पारा आठवतो. पण तिथेच इरई गावाजवळ खडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे एकोणिसाव्या शतकातच आढळले होते. हा बर्फाळ काळातला थर कोळशाच्या खाली आहे. त्या वेळी भारत दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकाला जोडलेला होता. बर्फ वितळला, दलदली झाल्या, त्यांत ग्लोसोप्टेरिसची जंगले वाढली आणि गाळाखाली दबून त्यांचाच कोळसा झाला. त्या काळच्या दगड झालेल्या लाकडात स्पष्ट वाढवलये दिसतात, म्हणजे ऋतू ठळक होते. एकावर एक साचलेली पाने सांगतात की झाडे पानगळीची होती.

दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार १९१२ मध्ये मरण पावले. अन्न संपत आले होते, तरी सुमारे १६ किलो दगड त्यांनी टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिसची पाने निघाली. आज बर्फाने झाकलेल्या त्या भूमीवर एकेकाळी जंगल होते आणि ती भारताशी जोडलेली होती, या विचाराला त्यामुळे मोठा आधार मिळाला.

या ज्ञानाचा रोजचा उपयोगही आहे. कोळसा शोधताना जमिनीत खोल भोक पाडतात. वर आलेल्या दगडाच्या तुकड्यांतले परागकण तपासले की कोणत्या थरापर्यंत पोहोचलो ते समजते. कोळशाच्या खालचा तो बर्फाळ काळातला थर लागला, तर पुढे खोदण्यात पैसा घालवायला नको.

आणि एक गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. पानाला श्वासासाठी बारीक छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की अनेक वनस्पती रंध्रे कमी करतात. म्हणून जुन्या पानांवरची रंध्रे मोजून तेव्हाच्या हवेचा अंदाज बांधता येतो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. जंगलांनी लाखो वर्षांत जमिनीत साठवलेला कार्बन आपण दोन-तीनशे वर्षांत जाळून हवेत सोडतो आहोत. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणे ही केवळ विजेच्या बिलाची बाब नाही, हे मुलांना यातून सांगता येईल.

घरी करून पाहा : जास्वंदीच्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या. वाळल्यावर चिकटपट्टीने तो अलगद उचला, काचपट्टीवर चिकटवा आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ओठांसारखी दिसणारी रंध्रे मोजा. मग पानाची वरची बाजू तशीच तपासा. रंध्रे कोणत्या बाजूला जास्त आहेत आणि का, यावर घरात सगळ्यांनी मिळून विचार करा.