मुक्तिफौजेचें शपथपत्र

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या बीड जिल्ह्यांत, आष्टीकडील एका खेड्यांत, ठरलेलें लग्न मोडण्याच्या बेतास आलें. वधू मुक्तिफौजेच्या घरची. वराकडील पाळकसाहेबांनीं तिचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. तो तिच्यापाशीं नव्हता. तिनें पेटींतून आपलें शपथपत्र काढून पुढें केलें, परंतु तें कोणीं वाचलें नाहीं. लग्न अखेर लागलें, तथापि "बाप्तिस्मा नाहीं, तर मुलगी ख्रिस्ती कशी?" हा प्रश्न मागें राहिला.

विल्यम बूथ व त्यांची पत्नी कॅथरीन ह्यांनीं १८६५ सालीं लंडनच्या दरिद्री वस्तींत काढलेल्या मिशनास १८७८ सालीं मुक्तिफौज हें नांव मिळालें. बूथ मूळचे मेथडिस्ट. विश्वासणाऱ्याचें संपूर्ण पवित्रीकरण ह्याच देहीं होऊं शकतें, ही जॉन वेस्लीची शिकवण फौजेच्या अकरा सिद्धान्तांत दहावी आहे. विधि उरकला म्हणजे अंतःकरण पालटलें असें लोक समजूं लागतात, ह्या भीतीनें बूथ ह्यांनीं १८८३ सालीं बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन्ही विधि बंद केले. बालकाचें समर्पण मात्र निशाणाखालीं होतें. आणि जाणतेपणीं शिपाई होणारा त्याच निशाणाखालीं शपथपत्रावर सही करितो. दारू नाहीं, तंबाखूहि नाहीं. निशाणाची निळी कड पवित्रतेची खूण होय.

बाप्तिस्मा सोडणें आम्हांस मान्य नाहीं. प्रभूची आज्ञा स्पष्ट असतां ती भीतीपोटीं बाजूस ठेवण्याचा अधिकार बूथसाहेबांसहि नव्हता. परंतु दाखला पेटींत ठेवून गुत्त्याची वाट धरणाऱ्यास आमच्या मंडळ्यांत कोण जाब विचारतो? ह्या मुलीनें निदान काय सोडावयाचें तें वाचून सही केली होती.

लष्करी पद्धतीविषयींहि लोक हंसतात. जनरल, मेजर, कॅप्टन, आणि कोठें बदली होईल तें वरचे सांगणार! हुकूम पाळणें म्हणजेच पवित्रता, असा समज तेथें होण्याचा धोका आहेच. परंतु १९२९ सालीं जनरल ब्रॅमवेल बूथ आजारानें थकले असतां वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या परिषदेनें त्यांस पदावरून दूर केलें, व तेव्हांपासून जनरल निवडून येऊं लागले. संस्थापकाच्या पुत्रासहि बाजूस करणारी ही शिस्त केवळ हांजीपणा नव्हे. १९३४ सालीं त्याच पदावर त्यांच्या भगिनी इव्हँजेलीन निवडून आल्या. नगरचें, आतां अहिल्यानगरचें, बूथ हॉस्पिटल त्यांच्याच नांवाचें. आष्टीकडील कित्येक घरांस तें परकें नाहीं, पण तें कोणत्या पंथाचें हें क्वचितच कोणी विचारतो.

हिंदुस्थानांत हा पंथ १९ सप्टेंबर १८८२ रोजीं मुंबईस उतरला. आलेले चौघे, त्यांत एक स्त्री. त्यांचे पुढारी फ्रेडरिक टकर पंजाबांतील सनदी नोकरी सोडून आलेले. ते फकीरसिंग झाले, भगवीं वस्त्रें नेसले, अनवाणी फिरले. मिरवणुकीपायीं त्यांस महिनाभर कैद झाली. दाखल्याशिवाय ख्रिस्ती न मानणाऱ्यांनीं ह्या माणसास कोणत्या वहींत नोंदवावें?

पाळकांस आमची विनंति एवढीच कीं, फौजेची मुलगी लग्नास उभी राहिली असतां बाप्तिस्म्याविषयीं तिच्याशीं अवश्य बोलावें. परंतु तत्पूर्वीं तिचें शपथपत्र हातीं घेऊन पुरतें वाचावें.