रसायनशास्त्र आमच्या मुलांनी का सोडावे ?

राजोडीच्या आमच्या वस्तीत गेल्या महिन्यात एक प्रकार घडला. तो एका घरातला खासगी प्रकार आहे, तरीही त्याची जाहीर चर्चा करणे आम्हांस अवश्य वाटते. कारण वसई तालुक्यात तो घरोघर घडत आहे. बारावीची परीक्षा शास्त्र शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या एका मुलीने तालुक्यातीलच एका लहान महाविद्यालयात रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात नाव घातले. घरात वर्षापूर्वीच धम्मदीक्षा झालेली. देव्हारा निघाला, भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर लागली. आणि पंधरा दिवसांच्या आत, त्याच तसबिरीखाली बसून, मुलीचे नाव काढून घेण्याचा विचार पक्का झाला !

हा सल्ला कोणी दिला ? कोणी सनातन्याने नव्हे. आमच्यातल्याच, नोकरीत स्थिरावलेल्या, सुशिक्षित म्हणविणाऱ्या गृहस्थांनी दिला. “दादा, पोरीला ॲसिडात हात कशाला घालायला लावता ? त्या कॉलेजाच्या पदवीला मुंबईत कुत्रे विचारीत नाही. कॉमर्स घ्या, सकाळी कॉलेज उरकेल, दुपारी कुठेतरी नोकरी धरील.” एवढ्यावर त्या बापाचा धीर खचला. हे गृहस्थ सभेत विज्ञाननिष्ठेवर व्याख्यान देतात. शेजाऱ्याची मुलगी विज्ञानाच्या दारात उभी राहिली की तिचा हात धरून मागे ओढतात. विज्ञाननिष्ठा ही काय फक्त जयंतीच्या मंडपात नेसण्याची वस्तू आहे ?

प्रस्तुत लेखक आज वकिली करतो. परंतु कायद्याच्या महाविद्यालयात जाण्यापूर्वी त्याने तीन वर्षे अशाच एका लहान महाविद्यालयात रसायनशास्त्रात घालविली आहेत. तेव्हा जे बोलतो ते ऐकीव नव्हे. तिसऱ्या वर्षी, सहा युनिटांच्या रसायनशास्त्राला, आमच्या वर्गात अकरा विद्यार्थी होते. एक रासायनिक तराजू तिघांत, आणि रंगमापक यंत्र सबंध विभागात एकच. पावसाळ्यात प्रयोगशाळेचे छप्पर एका कोपऱ्यात गळे. हे सारे खरे आहे व ते लपविण्याचे कारण नाही. पण अकराच विद्यार्थी असल्यामुळे प्रत्येकाच्या ब्युरेटवर प्राध्यापकांची नजर असे, हेही तितकेच खरे आहे. शेवटचा थेंब पडून रंग पालटतो त्या क्षणी माझा हात थरथरला की नाही, हे त्यांना कळे. मोठ्या नावाच्या संस्थेत पन्नासांच्या घोळक्यात ते कोणास कळले असते ?

ब्युरेटची वाचने तीन घ्यावी लागत. ती जुळली तरच ‘सी.बी.आर.’ म्हणून नोंदवायची. पुढे न्यायालयात उभा राहिलो तेव्हा लक्षात आले की ते तीन साक्षीदारच होते. पढविलेला साक्षीदार जसा उलटतपासणीत कोसळतो, तसे गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरविलेले वाचन प्राध्यापकांच्या एका प्रश्नाने कोसळे. पुराव्यावाचून कोणतीही गोष्ट मान्य करू नये, ही शिकवण मला कायद्याच्या ग्रंथांनी दिली त्याआधी त्या गळक्या खोलीने दिली.

अपमानही तेथेच झाला. ब्युरेटची तोटी फुटली की ‘ब्रेकेज’ भरावे लागे. हजेरीपटावरील आडनाव पाहून ती भरपाई कोणाकडून वसूल करायची हे ठरविणारा एक मदतनीस तेथे होता. आम्ही दोघे मित्र न फोडलेल्या काचेचे पैसे वर्षभर भरीत राहिलो. तक्रार केली नाही, ही आमची चूक. पण म्हणून आम्ही रसायनशास्त्र सोडले नाही.

आता मुख्य मुद्दा. आमच्या समाजाला या विषयाशी काय कर्तव्य, असे विचारणाऱ्यांना आम्ही महाडची आठवण देतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तेथील स्पृश्यांनी काय केले ? शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या आणि पाणी ‘शुद्ध’ झाल्याचे जाहीर केले ! स्वच्छ पाण्यात शेण कालवून ते शुद्ध होते, असे मानणारा समाज आम्हांला अपवित्र म्हणत होता. पुढे दावा झाला. तो दहा वर्षे चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अस्पृश्यांना वगळण्याची अनादि रूढी सिद्ध झालेली नाही, असा निकाल दिला. न्यायालयाने पाण्यावरचा हक्क दिला. पाणी शुद्ध की अशुद्ध, हे ठरविण्याचे साधन मात्र न्यायालय देऊ शकत नाही. ते काचेच्या नळीत असते.

राजोडीचेच उदाहरण घ्या. आमचे गाव समुद्रकाठी आहे. किनाऱ्यालगत विहिरींचा उपसा वाढला की गोड्या पाण्याचा दाब कमी होतो व खारे पाणी जमिनीखालून आत सरकते. वसईच्या पट्ट्यातील बायाबापड्यांना हे चवीवरून कळते. पण चव हा पुरावा नव्हे. महापालिकेच्या दारात चव सांगून कोणी टँकर देत नाही. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला शिकविला जाणारा प्रयोग असा : विहिरीच्या पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब घालावे, पाणी पिवळे होते, ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडावे, पांढरा साका पडत जातो, पाण्यातील क्लोराइड संपले की पहिली विटकरी छटा दिसते, तेथे थांबावे. किती मिलिलिटर लागले त्यावरून लिटरमागे किती मिलिग्रॅम क्लोराइड आहे हे साध्या गुणाकाराने निघते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आय.एस. १०५०० मध्ये, ही मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. दुसरे पाणीच नसेल तर १००० पर्यंत सवलत आहे. आकडा हाती असला की अर्जाला पाय फुटतात. अधिकाऱ्याला मग ‘चौकशी करतो’ म्हणून भागत नाही, शासकीय प्रयोगशाळेत नमुना पाठवावा लागतो.

हा प्रयोग करायला पुरोहित लागत नाही. जात विचारणारी तोटी अजून कोणी बनविलेली नाही.

आणि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या वेळी क्षारांच्या पृथक्करणासाठी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात किप्सचे उपकरण असे. लोहाच्या सल्फाइडवर सौम्य आम्ल सोडले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघे. सडक्या अंड्यांचा तो वास कपड्यांतून घरापर्यंत येई, आणि आई नाक मुरडी. प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते : वास येतो तोवर फारसे भय नाही, प्रमाण वाढले की हा वायू नाकाची संवेदनाच मारतो, वास नाहीसा होतो, आणि माणसाला वाटते की धोका टळला. तो हवेहून जड असल्यामुळे खड्ड्यात तळाशी साचतो. हे मी विसाव्या वर्षी शिकलो. हेच न शिकलेली माणसे गटारांत, मैल्याच्या टाक्यांत उतरविली जातात आणि एकामागून एक मरतात. पहिला पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो, दुसरा पडला म्हणून तिसरा. एप्रिल २०२४ मध्ये आमच्याच शेजारी, विरार पश्चिमेत, एका सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात उतरलेले चार कामगार असेच गेले. २०१३ चा कायदा संरक्षक साधनांवाचून माणूस गटारात उतरविण्यास मनाई करतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपयांपर्यंत वाढविली. पण भरपाई प्रेताला मिळत नाही. टाकीत उतरणारा माणूस बहुतेक वेळा कोणत्या वस्तीतून येतो, हे आमच्या वाचकांस सांगण्याची गरज आहे काय ? आणि त्या वस्तीतील एकही मुलगा-मुलगी या वायूचे गुणधर्म जाणणारी निघू नये, असाच सल्ला आमचे सुज्ञ गृहस्थ देत आहेत, हे त्यांच्या ध्यानात कसे येत नाही ?

नोकरीचे म्हणाल तर खोटी आशा आम्ही लावणार नाही. आपल्याच जिल्ह्यात तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. २०१३ पासून विरारहून डहाणूपर्यंत उपनगरी गाडी धावते, म्हणजे बोईसर आता परदेश राहिलेले नाही. औषधांच्या व रंगांच्या कारखान्यांत मालाची तपासणी करणाऱ्या विभागांना रसायनशास्त्राचे पदवीधर लागतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि पुष्कळदा कंत्राटदारामार्फत मिळतो. तरी त्याच कारखान्यात पोती वाहणाऱ्यापेक्षा पोत्यात काय आहे हे जाणणाऱ्याचा जीव अधिक सुरक्षित असतो, आणि दोघांच्या वतीने बोलणाराही तोच होऊ शकतो. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात मिथाइल आयसोसायनेटने हजारो माणसे मेली. टाकीतील द्रव्य कोणते व त्यावर उपाय कोणता, हे गावाला ठाऊक नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण घालून कामगारांस माहिती देणे मालकावर बंधनकारक केले गेले. पण माहितीचा कागद वाचता येणारा माणूस नसेल तर तो कागद भिंतीवरच पिवळा पडतो.

लहान महाविद्यालयाची हेटाळणी करणाऱ्यांनी बाबासाहेबांची कृतीही पाहावी. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून १९४६ मध्ये त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते कलेबरोबर विज्ञानाचेही. नोकरी करणाऱ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवले. प्रयोगशाळा खर्चिक असते हे काय त्यांना कळत नव्हते ? मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असे, आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून रसायनशास्त्रज्ञ झाला. त्याला लहान महाविद्यालयसुद्धा मिळाले नव्हते.

मात्र संस्थाचालकांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. प्रयोगशाळेचे शुल्क घ्यायचे आणि प्रयोग फळ्यावर ‘दाखवायचे’, मुलांना फावल्या वेळात जर्नल उतरवून आणायला सांगायचे, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रसायने मागवायची, ही रीत कित्येक ठिकाणी रुजली आहे. ही फसवणूक आहे. श्रीमंताचा मुलगा शिकवणी लावून ती भरून काढील, आमच्या मुलाला तोच एक टेबल व तीच एक बाटली. पालकांनी महिन्यातून एकदा मुलाचे जर्नल पाहावे, आणि प्रयोग हाताने केला की नुसता उतरविला हे त्यालाच विचारावे. अनुदानित संस्था असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने रसायनांच्या खरेदीची नोंदवही मागता येते. २०२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नवी रचना लागू झाली आहे. तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स. तेव्हा चौथे वर्ष त्याच महाविद्यालयात चालते की नाही, हेही प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे.

नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरांत आणखी एक भीती आहे : धर्म बदलला, आता शिष्यवृत्ती जाईल. ही भीती निराधार आहे. महाराष्ट्राने नवबौद्धांच्या सवलती १९६० पासूनच मान्य केल्या, आणि १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. अडते ते कागदांवर. जातीचे प्रमाणपत्र मागताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा महाराष्ट्रातील रहिवासाचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना जन्म-मृत्यूचा उतारा, सातबारा, जे असेल ते आताच शोधून ठेवा, जुलै महिन्यात गोणपाटे उचकटू नका. शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो, आणि दोन्ही रकमा एकाच दिवशी येत नाहीत. अर्धी आली म्हणून मुलाचे नाव काढू नका. महाविद्यालयाने पूर्ण शुल्क आगाऊ मागितले तर ती मागणी लेखी मागा. लेखी मागणी म्हटली की बहुतेक ठिकाणी आवाज खाली येतो, हा आमचा अनुभव आहे.

त्या मुलीचे नाव अद्याप काढलेले नाही. बापाने रविवारी आमच्याकडे येऊन कागदपत्रे दाखविली. आजोबांचा दाखला १९४८ चा निघाला. आता प्रश्न उरला संध्याकाळच्या बसचा. प्रयोग साडेपाचला संपतो, आणि नालासोपाऱ्याहून राजोडीकडे येताना अंधार पडतो. वस्तीतील तीन मुले त्याच सुमारास कामावरून त्याच स्थानकावर उतरतात. त्यांच्याशी बोलणे झाले आहे.