प्रवेश सोडताय? शुल्क परतावा, प्रतीक्षा यादी आणि शिष्यवृत्ती यांचा हिशेब आधी करा

थोडक्यात
• दुसऱ्या जागेचे प्रवेशपत्र हाती येईपर्यंत पहिली जागा सोडू नका.
• सोडायचे ठरले की अर्ज त्याच दिवशी द्या. संस्थेला अर्ज कोणत्या तारखेला मिळाला, त्यावर परताव्याची रक्कम ठरते.
• शिष्यवृत्ती घेत असाल, तर शुल्काआधी शिष्यवृत्तीच्या अर्जाचे काय होणार ते विचारा.

बन्नीमंटपच्या शिवरात्रीश्वर नगर भागात वैद्यकीय आणि फार्मसी महाविद्यालये जवळजवळ आहेत. मैसूरुतील मराठी घरांतली मुले इथे शिकतात, तशी सीमेपलीकडूनही येतात. दरवर्षी काही विद्यार्थी एका अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन वर्गात बसतात आणि दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या पुढच्या फेरीची वाट पाहतात. वरच्या जागा उशिरा भरल्या की खालच्या जागा उशिरा रिकाम्या होतात, त्यामुळे ही वाट ऑक्टोबरपर्यंतही लांबते. त्यात गैर काही नाही. मात्र वाट पाहण्याची किंमत किती आणि ती कोणाच्या खिशातून जाते, हे आधी समजून घ्या.

तुमची जागा कोण भरते?
नियम त्यावर अवलंबून आहेत. कर्नाटकात अभियांत्रिकी, फार्मसी यांसारख्या अभ्यासक्रमांच्या सरकारी कोट्यातील जागा कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे केईए, भरते. अभिमत विद्यापीठांतील एमबीबीएस आणि बीडीएसच्या जागा केंद्राची एमसीसी ही समिती भरते. बीए, बीकॉमसारख्या पदवीचे प्रवेश महाविद्यालय स्वतः देते.

केईएच्या फेरीत जागा मिळाल्यावर चार पर्याय असतात.
पर्याय १: जागा मान्य. शुल्क भरून महाविद्यालयात हजर व्हायचे.
पर्याय २: जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी थांबायचे. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते, ती परत मागता येत नाही.
पर्याय ३: जागा सोडून पुढच्या फेरीत उतरायचे. पुढे काहीच मिळाले नाही, तर हात रिकामे.
पर्याय ४: प्रक्रियेतून बाहेर पडायचे.

‘पर्याय २’ आणि ‘पर्याय ३’ यांत घाईने गल्लत करू नका. दोन्हींत पुढची फेरी आहे, पण हातातली जागा फक्त पहिल्यात राहते. कोणत्या टप्प्यावर शुल्क भरायचे आणि किती परत मिळते, हे केईएच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा.

एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता बाहेर पडता येते. पुढच्या फेऱ्यांत तसे केल्यास अनामत जप्त होऊ शकते. अभिमत विद्यापीठांसाठी ही अनामत २ लाख रुपये आहे. पसंतीक्रमात नुसते नाव टाकून ठेवण्याआधी हा आकडा घरात सर्वांना सांगा.

महाविद्यालयाच्या स्वतःच्या प्रतीक्षा यादीची गोष्ट वेगळी. तिथे तुमचा क्रमांक काय आणि यादी कोणत्या तारखेला बंद होणार, हे विचारा आणि जमल्यास लेखी घ्या. ‘बघू, होऊन जाईल’ या उत्तरावर हातातली जागा सोडू नका.

शुल्क किती परत मिळते?
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत याचा तक्ता आहे. समजा शुल्क ८०,००० रुपये आहे आणि प्रवेशाची जाहीर झालेली अंतिम तारीख १५ सप्टेंबर आहे.

• अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी, उदा. २० ऑगस्ट: १०० टक्के. त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून फार तर ५ टक्के कापता येतात, तेही ५,००० रुपयांच्या मर्यादेत. हाती किमान ७६,०००.
• १५ दिवसांपेक्षा कमी काळ उरला असताना, उदा. १० सप्टेंबर: ९० टक्के, ७२,०००.
• अंतिम तारखेनंतर १५ दिवसांच्या आत, उदा. २५ सप्टेंबर: ८० टक्के, ६४,०००.
• १५ दिवसांनंतर, पण ३० दिवसांच्या आत, उदा. १० ऑक्टोबर: ५० टक्के, ४०,०००.
• ३० दिवसांनंतर: काहीही नाही.

अनामत रक्कम या हिशेबात धरली जात नाही. ती पूर्ण परत मिळायला हवी. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत परतावा द्यायचा असतो. मूळ प्रमाणपत्रे तपासून लगेच परत करायची असतात, ती अडकवून ठेवता येत नाहीत. एका सत्रापेक्षा किंवा वर्षापेक्षा जास्त काळाचे शुल्क आगाऊ घेण्यासही मनाई आहे.

समुपदेशनाच्या फेऱ्या लांबतात म्हणून आयोगाने अलीकडच्या काही वर्षांत वेगळी सवलत दिली. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण शुल्क, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कापून उरलेले शुल्क परत करायचे होते. त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला आला. मिरवणूक बन्नीमंटपला पोहोचली तेव्हा पूर्ण परताव्याची मुदत संपून १२ दिवस झाले होते, आणि दुसऱ्या मुदतीचे १९ दिवस उरले होते. ही सवलत त्या त्या वर्षापुरती असते. तुमच्या वर्षाचे परिपत्रक पाहिल्याशिवाय ती गृहीत धरू नका.

शिष्यवृत्तीवर असाल तर
वरचा तक्ता ज्याने खिशातून शुल्क भरले त्याला वाचवतो. ज्याचे शुल्क सरकार भरते, त्याचे नुकसान दुसरीकडे होते. परताव्याची मुदत आयोग वाढवतो, पण त्याबरोबर शिष्यवृत्ती पोर्टलची मुदत आपोआप वाढत नाही. ऑक्टोबरमध्ये जागा बदलणारा विद्यार्थी नेमका या दोन मुदतींच्या मध्ये सापडतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज संस्था आणि अभ्यासक्रम यांच्याशी जोडलेला असतो. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर संस्थेने अर्ज पडताळून पुढे पाठवला की तुम्हाला त्यात बदल करता येत नाही. तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागतो, आणि हे मुदतीतच व्हायला हवे. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आणखी एक अट चालत आली आहे. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडल्यास राज्य सरकार दिलेली रक्कम परत मागू शकते, आणि पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. ही शिष्यवृत्ती तुम्ही ज्या राज्याचे रहिवासी आहात ते राज्य देते. कर्नाटकचे रहिवासी असाल तर एसएसपी, महाराष्ट्राचे असाल तर महाडीबीटी, मग वर्ग बन्नीमंटपात भरत असले तरी.

केंद्राच्या पीएम-यूएसपी शिष्यवृत्तीत पदवीला वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. उशिरा रुजू झालात, तर हजेरी कोणत्या तारखेपासून मोजणार हे पहिल्याच दिवशी विचारा.

महाराष्ट्रात परतण्याचा विचार करणाऱ्या मुलींसाठी: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातील जागेला हा लाभ नाही.

एक वर्ष करून सोडले तर?
२०२१-२२ पासून कर्नाटकात नव्या राष्ट्रीय धोरणानुसार पदवी सुरू झाली. त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय होती. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर राज्याने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. त्यामुळे ‘वर्ष वाया जाणार नाही, प्रमाणपत्र तरी मिळेल’ या भरवशावर राहू नका.

अर्जात काय लिहाल?
इंग्रजी आणि कन्नड परिपत्रके मराठीत आणताना आमच्यासमोर विथड्रॉवल, कॅन्सलेशन, सरेंडर असे शब्द येतात. मराठीत या सगळ्याला आपण ‘प्रवेश सोडला’ म्हणतो. खिडकीवर तेवढे सांगून भागत नाही. ‘मी माझा प्रवेश रद्द करत आहे, नियमाप्रमाणे शुल्क व अनामत परत मिळावी’ असे स्पष्ट लिहा. खाली तारीख, बँक खाते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज क्रमांक टाका. प्रतीवर शिक्का आणि पोच घ्या. वर्गात जाणे बंद केले म्हणजे प्रवेश रद्द झाला, असे होत नाही.

दाद कुठे मागाल?
आधी महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करा. २०२३ च्या नियमांनुसार समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असेल: अर्ज कधी दिला? त्याचे उत्तर म्हणून तारखेची पोच जवळ ठेवा.