जाड पत्रा म्हणजे टिकाऊ पत्रा?

जुनी गाडी दुरुस्तीला काढली आणि खालून पत्रा गेलाय असं कळलं की ज्याला त्याला एकच सल्ला सुचतो. "चांगला जाड पत्रा मारून घ्या, पुन्हा बघायला नको!" गॅरेजवाला हेच सांगतो, शेजारी हेच सांगतो, लग्नात भेटलेला दूरचा मेहुणाही हेच सांगतो. मला हा सल्ला साफ नामंजूर आहे. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने पत्र्यावर मत द्यावं का, असं कोणी म्हणेल. पण गेले चार महिने मी एका गाडीपाशी दुपारच्या दुपारी बसून आहे, आणि प्रश्न विचारायची खोड काही निवृत्त झालेली नाही.

गाडी माझ्या दिवंगत सहकाऱ्याची. १९७३ सालची फियाट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली 'प्रेसिडेंट'. 'पद्मिनी' हे नाव १९७४ साली आलं. मुलगा नोकरीसाठी परगावी, वहिनी इथे एकट्या. तो मला म्हणाला, "काका, आईला याच गाडीतून कोल्हापूरला अंबाबाईला न्यायचंय. तुम्ही तेवढं लक्ष ठेवा." म्हणजे गाडी मखरात बसवायची नाही, हमरस्त्यावर चालवायची आहे. आणि आत शहात्तर वर्षांची बाई बसणार आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. इटलीत फियाटने १९५३ साली जी नवी ११०० आणली तिच्यापासूनच बॉडी हाच सांगाडा. दारांखालची जी लांब पोकळ पट्टी असते, मिस्त्री तिला सिल म्हणतात, ती दिसायला किरकोळ, पण गाडीचा भार तिच्यावर. आमच्या गाडीत नेमकी तीच गेली होती. पूर्वी एका गॅरेजने तिथे "जाड पत्रा" मारलेला होताच! सडलेला भाग न कापता वरून ठिगळ, त्यावर बोटभर लांबी आणि वर चकचकीत रंग. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरलं, ते वाळेना, आणि आतला पत्रा पापडासारखा झाला. बाहेरून सगळं कसं छान! अशा कामाला मी दुरुस्ती म्हणत नाही, ती फसवणूक आहे. मागे-पुढे अपघात झाला असता तर त्या लांबीने काय पेललं असतं?

आता जाडीबद्दल. गेजचा हिशोब उलटा असतो, आकडा वाढला की पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९, २२ गेज म्हणजे ०.७. मिस्त्री सुरुवातीला म्हणाले, "सर, अठराचा टाकतो, मजबूत होईल." मी म्हटलं, आधी मोजू या. गंज नसलेल्या जागी दोन्ही बाजूंचा रंग खरवडून मायक्रोमीटर लावला, तर मूळ पत्रा २० गेजच्या आसपासचा निघाला. जाड आणि पातळ पत्रा जोडताना जाड वितळेपर्यंत शेजारच्या पातळ पत्र्याला भोक पडतं. शिवाय अठराचा पत्रा हाताने मूळ वळणावर आणणं कठीण. म्हणून जितका मूळ तितकाच नवा, कडेला कड लावून, थोडं थोडं वेल्डिंग करत, मध्ये थंड होऊ देत. हे मिस्त्रींनाही पटलं. कसबी माणूस आहे; घाईच्या गिऱ्हाइकांनी त्यांना तशी सवय लावलेली.

दुकानात गेल्यावर नुसतं "पत्रा द्या" म्हणू नये. सी.आर. पत्रा मागावा, म्हणजे थंड लाटलेला, गुळगुळीत. त्यातही प्रती असतात. साध्या घडीला साधी चालते, पण दोन्हीकडून गोलाई असेल तर 'डी' किंवा 'डी.डी.' प्रतीचा घ्यावा, तो ठोकताना फाटत नाही. पुष्कळ जण जी.आय. सुचवतात, गंज लागत नाही म्हणून. जस्ताचा थर चांगलाच, पण वेल्डिंगला तो जळून जातो, नेमका सांध्यापाशी, आणि त्या पांढऱ्या धुराने मिस्त्रीला ताप भरतो. माणसाला आजारी पाडून गाडी वाचवायची मला हौस नाही. गंज थांबवायचा तर पोकळीत आतून प्रायमर आणि मेण मारावं, निचऱ्याची भोकं मोकळी ठेवावीत. जाडी वाढवून पाणी थांबत नाही हो!

मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. भंगारातल्या अशा गाडीचा छापाचा भाग मिळाला तर सोनंच, कारण कारखान्यातली ती घडी हातोड्याने येत नाही. पण जिथे आपली गाडी सडते तिथेच टॅक्सीही सडलेली असते. सिलसाठी तिचा उपयोग नाही.

केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा ही तिची अट. आमची गाडी वयाने बसते. मुलाला मोह झाला होता, तो 'व्ही.ए.' अक्षरांचा नंबर दिसतो रुबाबदार! पण त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच. मी त्याला विचारलं, "आईला प्रदर्शनात बसवणार आहेस का?" तेव्हा साधीच नोंदणी पुढे चालू ठेवायची ठरली.

सध्या उजवी सिल पूर्ण झाली आहे. डावी अजून कापलेली नाही, दोन्ही एकदम कापल्या तर गाडी मधून बसते आणि मग दारं लागत नाहीत. आतून लोखंडी टेकू लावलेत. कापून काढलेले सडके तुकडे मी एका फराळाच्या डब्यात ठेवलेत, वळण ताडून बघायला लागतात. वहिनी परवा येऊन गेल्या, मागचं दार दोनदा उघडून लावून बघितलं आणि म्हणाल्या, "आवाज तोच आहे." डावी बाजू सोमवारी सुरू होईल.