माळ्यावरचा लॅपटॉप भंगारात देऊ नका

आमच्या घरात लग्नाच्या तीन डीव्हीडी आहेत. वर नवरानवरीचा फोटो छापलेलं प्लास्टिकचं कव्हर, आत फोटोग्राफरचा शिक्का. गेल्या वर्षी आईला त्या पाहायची हुक्की आली आणि लक्षात आलं, घरातल्या एकाही यंत्रात डीव्हीडी घालायला फटच नाही. नवे लॅपटॉप पाटीसारखे पातळ, टीव्ही भिंतीला चिकटलेला, डीव्हीडी प्लेअर कधीचाच गेलेला. शेवटी माळ्यावरून २०१२ सालचा लॅपटॉप उतरवला. बिजागरी मोडलेली, कीबोर्डवरची दोन बटणं गायब. पण बाजूचा ट्रे खडखडत बाहेर आला आणि पाच मिनिटांत आजोबा मांडवात पाहुण्यांना दंडाला धरून पंगतीत बसवताना दिसले. त्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

हाच लॅपटॉप मी दिवाळीच्या साफसफाईत किलोवर घालणार होतो.

म्हणून हे कळकळीचं सांगणं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. घरगुती वापरासाठी मुदतवाढ ठेवली, तीही एकाच वर्षाची. विंडोज ११ हवं तर यंत्रात टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्याआधीचे बहुतेक संगणक एका फटक्यात नापास. त्यांचं बिघडलेलं काहीच नाही, पण दुकानदार ‘आता नवीनच घ्या’ म्हणतो आणि आपणही मान डोलावतो.

भंगारात गेल्यावर त्यांचं काय होतं? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू आहेत आणि पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. पण हातगाडीवर चढलेला लॅपटॉप अधिकृत केंद्रापर्यंत पोचेलच याची खात्री कोण देणार? तांब्यासाठी वायरी जाळायच्या, सोन्याच्या कणांसाठी सर्किट ॲसिडात बुडवायची, असले उद्योग अजून चालतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे ती त्यातल्या पाव हिश्शाचीही नाही. शिवाय आपली हार्डडिस्क, म्हणजे फोटो, पासवर्ड आणि पॅनकार्डाची स्कॅन केलेली प्रत, कुणाच्या हाती पडली ते कळतही नाही.

त्यापेक्षा त्याला घरातच नोकरी द्या. प्रोसेसर ६४-बिट असला, चार जीबी रॅम असली की पुरे. हार्डडिस्कवर असेल ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या, कारण ती पुसली जाणार आहे. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट किंवा डेबियन टाका, दोन्ही फुकट. त्यावर जेलीफिन. एम्बी नावाच्या मीडिया सर्व्हरचा पुढचा कोड बंद झाला, तेव्हा २०१८ च्या डिसेंबरात काही लोकांनी आधीचा खुला कोड उचलला आणि वेगळी चूल मांडली. तेच हे जेलीफिन. ना वर्गणी, ना जाहिराती. घरातलं नेट गेलं तरी वाय-फाय राउटर चालू असला की टीव्हीवर, फोनवर, टॅबवर आपला संग्रह दिसत राहतो.

‘एवढं जुनं यंत्र सिनेमा कसा चालवणार?’ हा प्रश्न मला हमखास विचारतात. उत्तर पंगतीत आहे. सर्व्हर म्हणजे वाढपी. तयार पदार्थ पानात वाढायला फार ताकद लागत नाही; फाइल जशी आहे तशी टीव्हीला चालली, तर जुना लॅपटॉप ती आरामात पोचवतो. फुल एचडी सिनेमाला सेकंदाला आठ-दहा मेगाबिट पुरतात आणि जुन्यातला जुना लॅन पोर्टही शंभर देतो. दमछाक होते ती वाढप्याला ऐनवेळी स्वयंपाकाला बसवलं की. टीव्हीला न समजणारी फाइल चालता चालता बदलून द्यायची झाली, तर म्हातारा प्रोसेसर धापा टाकतो. म्हणून रात्रीच हँडब्रेक या दुसऱ्या फुकट प्रोग्रॅमने व्हिडिओ एच.२६४ मध्ये करून ठेवा. सकाळी पानं वाढायची फक्त.

विजेचं म्हणाल, तर पंधरा वॉटचा लॅपटॉप चोवीस तास चालला तरी महिन्याला अकराच्या आसपास युनिट. जुना डेस्कटॉप मात्र याच्या चौपट खाऊ शकतो, तो रात्री बंद ठेवा. बॅटरी धड असेल तर लाइट गेल्यावर लॅपटॉप स्वतःच स्वतःचा इन्व्हर्टर. फुगलेली असेल तर विषयच नाही, जाणकाराकडून काढून घ्या आणि ई-कचरा केंद्रात द्या. तिच्यासाठी मी भांडणार नाही. तारीख सारखी चुकत असेल तर आतला नाण्याएवढा सेल गेलाय. तो घड्याळवाल्याकडेही मिळतो. आणि एकाच हार्डडिस्कवर विश्वास टाकू नका, दुसरी प्रत हवीच.

यावर चोरीचे सिनेमे भरा असं मी सुचवत नाही. आपल्याकडे स्वतःचंच इतकं पडलंय! मुंज, डोहाळजेवण, शाळेचं गॅदरिंग, आजीच्या आवाजातल्या ओव्या, गणपतीतल्या आरत्या. बरंचसं डीव्हीडीवर, काही मिनी-डीव्ही टेपवर. त्या टेपांसाठी कॅमेरा फायरवायरने जोडावा लागतो आणि तो पोर्टही सापडला तर अशाच एखाद्या जुन्या संगणकावर सापडेल. डीव्हीडी काही अमर नसतात. कडेपासून खराब होत येतात, एक दिवस वाचल्याच जात नाहीत. यंत्र आज विकलंत तर उद्या त्या वाचायच्या कशावर?

कॉलेजातल्या मुलांनो, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एक दुपार मागून घ्या आणि चार काका-काकूंचे लॅपटॉप मार्गी लावून द्या. पोहे आणि चहा ठरलेला. काकांनो, तुम्हीही ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणून अंग काढून घेऊ नका. डीव्हीडीवर कोण कोण आहे हे सांगणारं घरात तुमच्याशिवाय कोण उरलंय? पोरं फाइली करतील, नावं तुम्ही घाला.

येत्या रविवारी शिडी लावा. लॅपटॉप बॅगेतच असेल. चार्जर मात्र बहुधा गणपतीच्या माळांच्या पिशवीत सापडेल.