फ्यूजनंतर अर्थची पट्टी
जबलपूरची व्हेइकल फॅक्टरी १९६९ची. तिथून बाहेर पडलेल्या शक्तिमान ट्रकला आणि जोंगा जीपला गिअर बदलायला वीज लागत नसे; दांडा, फोर्क आणि दातेरी चाकं यांवरच काम भागे. त्याच शहरातल्या गॅरेजांत आता एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गाड्या येतात. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही दोन्ही कामं तिथे कंट्रोल युनिट करून घेतं. एक फ्यूज गेला की ठणठणीत गिअरबॉक्सची गाडीही जागची हलत नाही.

फ्यूज नुसत्या डोळ्यांनी पारखता येत नाही. तारेला केसाएवढी चीर असली तरी ती शाबूत दिसते. इग्निशन चालू ठेवावं, फ्यूज उपसू नये, त्याच्या पाठीवरच्या दोन्ही टोकांना मीटर लावावा. दोन्हीकडे १२ व्होल्ट मिळाले तर फ्यूज बरा, एकीकडेच मिळाले तर तो गेला, कुठेच नसतील तर दोष त्याच्या मागे, रिलेत किंवा स्विचात. नवा फ्यूजही लगेच उडत असेल तर १० अँपिअरच्या जागी ३०चा ठोकण्याची खोड थेट हार्नेस जाळते. त्याऐवजी फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडावा. तो पावणेदोन अँपिअरच्या वर प्रवाह जाऊ देत नाही. शॉर्ट असेपर्यंत बल्ब लख्ख पेटतो. एकेक कनेक्टर सोडताना तो जिथे मंदावतो, त्या फाट्यावर वायर सोललेली असते. पावसाळ्यात बऱ्याचदा तिथे उंदराचे दात उमटलेले दिसतात.

खरी फसगत होते ती सगळे फ्यूज शाबूत असताना. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर असल्याने बॉडीशी त्यांचा विजेचा संबंध अर्थच्या पट्टीनेच राहतो. क्लचप्लेट बदलताना ती सुटते आणि परत कसायची राहून जाते. मग स्टार्टरचे शंभराहून जास्त अँपिअर मिळेल त्या वाटेने परततात. केबलच्या क्लचची गाडी असेल तर ती केबलच तापून जड होते. (अशा वेळी नवी केबल टाकणारे महाभाग कमी नाहीत, तीही तशीच जळते.) एएमटीत सेल्फ मारताना कंट्रोल युनिटला व्होल्टेज अपुरं पडतं, कमी व्होल्टेजचा कोड येतो आणि निर्दोष युनिटावर संशय जातो.

पट्टी ओममध्ये मोजणं फसवं आहे. एकच तार धरून असली तरी मीटर शून्याजवळच दाखवतो. डीसी व्होल्टवर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्याच्या वर गेलं तर आधी बॅटरीचा क्लॅम्प, मग पट्टीची दोन्ही टोकं तपासावीत आणि शेवटी बॉडीच्या बोल्टाखालचा रंग खरवडावा.