निंबोळी ज्येष्ठ-आषाढातच वेचली पाहिजे

हरभऱ्याच्या घाट्यात अळी शिरली की मग निंबोळी अर्काची आठवण होते. फवारणी होते, दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतात, आणि ‘कडुनिंबात काही दम नाही’ असा निवाडा पारावर होऊन जातो. हा निवाडा अन्यायाचा आहे. चूक औषधाची नसून वेळेची असते.

निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीला तत्काळ मारीत नाही. ते पानावर असले की अळी खाण्याचे टाळते, आणि पोटात गेले तर तिला नीट कात टाकता येत नाही. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेतील डॉ. एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या मगजाचे पाणी टोळांविरुद्ध वापरून पाहिले. टोळ मेले म्हणून नव्हे, तर त्यांनी तोंड लावले नाही म्हणून पीक वाचले. तेव्हा हरभरा निम्मा फुलावर आला असता, अंडी व बारीक अळ्या दिसू लागताच ५ टक्के अर्काची पहिली फवारणी झाली पाहिजे. घाट्यात डोके खुपसून बसलेली मोठी अळी याने हटत नाही, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने आडपडदा न ठेवता सांगावे.

एकरी सुमारे २०० लिटर फवारा धरला, तर एका फवारणीस १० किलो निंबोळी लागते. ती मार्गशीर्षात कोठून आणावयाची? पिकून गळालेली निंबोळी झाडाखाली पावसात कुजून गेलेली असते. ती वेळीच वेचून, गर धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून गोणपाटात हवेशीर ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिला बुरशी लागते.

फवारणीच्या आदल्या दिवशी ५ किलो निंबोळीचा भरडा १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळावा, २०० ग्रॅम साबणाचे पाणी मिसळून एकूण १०० लिटर करावे. अर्क त्याच दिवशी संपवावा, व उन्हात हे द्रव्य लवकर निकामी होत असल्याने फवारणी सायंकाळीच करावी.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. विषारी औषधाची एक फवारणी टळली तरी पंप पाठीवर घेणाऱ्याचा एक धोका टळतो. मात्र वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, असेही समजू नये. तंबाखूचा काढा वनस्पतीचाच. पण त्यातील निकोटीन कातडीतून अंगात भिनते.

गावात कडुनिंबाची झाडे किती आहेत आणि निंबोळी कोण वेचणार, हे वैशाखातच ठरले पाहिजे. महिला बचत गटाने हे काम अंगावर घेऊन भरडा तयार ठेवला, तर हरभरा फुलावर येताच शेतकऱ्याला तो गावातच मिळेल.